सहवासातून आलेली दृष्टी : ग्रासिएला इतुर्बिदे यांची छायाचित्रे

'समाजातून प्रेरणा घेतली' हे वाक्य आपल्या साहित्यमेळाव्यांत आणि पुस्तकांच्या मनोगतांत इतक्या वेळा येते की, ते ऐकून कोणी विचारात पडत नाही. प्रेरणा घेतली म्हणजे नेमके काय घेतले, कोणाकडून घेतले आणि त्याची परतफेड कशी केली, हे प्रश्न बहुधा अनुच्चारितच राहतात. कथाकाराला एक सोय असते. शेजारच्या घरातील दुःख तो नाव बदलून, गाव बदलून मांडू शकतो. छायाचित्रकाराला ती सोय नाही. त्याला प्रत्यक्ष चेहराच लागतो आणि तो चेहरा दुसऱ्याच्या मालकीचा असतो. म्हणूनच कलावंत आणि त्याचा समाज यांच्यातील देण्याघेण्याचा हिशेब तपासायचा झाल्यास छायाचित्रकलेइतकी उघडी वही दुसरी नाही.

हा हिशेब ज्यांच्या बाबतीत मांडून पाहावासा वाटतो, अशा एक ज्येष्ठ छायाचित्रकार म्हणजे मेक्सिकोच्या ग्रासिएला इतुर्बिदे. २००८ साली त्यांना हासेलब्लाड पुरस्कार मिळाला आणि २०२५ साली स्पेनच्या 'प्रिन्सेस ऑफ अस्तुरियास' पुरस्कारांपैकी कलाक्षेत्राचा पुरस्कार त्यांना देण्यात आला. हे सन्मान मोठे खरेच. तथापि त्यांच्याकडे वळण्याचे माझे कारण निराळे आहे. त्यांची वाट आपल्याला फारशी परकी नाही. ती एका परंपरानिष्ठ कॅथलिक घरातून निघते. बाजारातून, सणांच्या मिरवणुकांतून आणि दफनभूमीतून जाते. आणि पुन्हापुन्हा अशा एका प्रश्नापाशी येऊन थांबते, जो प्रश्न धर्मगुरूलाही टाळता येत नाही : दुसऱ्याच्या दुःखाच्या आणि आनंदाच्या क्षणी तेथे उभे राहण्याचा मला अधिकार कोणी दिला?

इतुर्बिदे यांचा जन्म १९४२ साली मेक्सिको शहरात झाला. तेरा भावंडांत त्या थोरल्या. त्यांना लेखिका व्हायचे होते. परंतु मुलीने असे काही करावे, ही कल्पना त्या घराला मानवणारी नव्हती. १९६२ साली विवाह झाला, तीन मुले झाली. १९६९ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातील चित्रपट-शिक्षणकेंद्रात प्रवेश घेतला. १९७० साली त्यांची सहा वर्षांची मुलगी मरण पावली. कलावंताच्या चरित्रात असा एखादा प्रसंग आला की, त्यालाच साऱ्या कलेची किल्ली ठरविण्याचा मोह समीक्षकाला होतो. मी तो टाळू इच्छितो. दुःखाने कोणी कलावंत होत नाही. दुःख झालेली माणसे माझ्या धर्मग्रामात घरोघरी आहेत. दुःखानंतर माणूस काय शिकतो आणि कोणाच्या हाताखाली शिकतो, यावर पुढचे अवलंबून असते.

त्यांना गुरू लाभले ते मानुएल आल्वारेझ ब्राव्हो, आधुनिक मेक्सिकन छायाचित्रकलेचे अध्वर्यू. इतुर्बिदे त्यांच्या साहाय्यक झाल्या आणि त्यांच्याबरोबर खेड्यापाड्यांतून हिंडल्या. ब्राव्हो यांच्या कामाच्या खोलीत 'वेळ आहे' अशा अर्थाची एक पाटी होती, असे त्या सांगत आल्या आहेत. छायाचित्र म्हणजे निसटता क्षण पकडणे, ही कल्पना फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या प्रभावामुळे त्या काळी जगभर रूढ झालेली होती. ब्राव्हो यांनी शिकविले ते याच्या जवळजवळ उलट : घाई करू नका, जागेशी परिचय होऊ द्या. गुरूने तंत्रापेक्षा सबुरी दिली, आणि इतुर्बिदे यांच्या पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचा पाया मला या सबुरीत दिसतो.

ही सबुरी सहज आली नाही. मुलीच्या मृत्यूनंतर काही वर्षे त्या मृत बालकांची छायाचित्रे घेत राहिल्या. मेक्सिकोत अशा बालकांना 'आन्खेलितो', म्हणजे छोटे देवदूत, म्हणतात. बाप्तिस्मा झालेले निष्पाप मूल थेट स्वर्गात जाते, या श्रद्धेने त्याला सुंदर वस्त्रे घालतात, फुलांनी सजवितात. आपल्याला हे अनोळखी नाही. बालकाच्या अंत्यविधीला धर्मगुरू पांढरी वस्त्रे परिधान करतो, त्यामागे हीच श्रद्धा आहे. आणि आपल्याकडेही जुन्या घरांतील संदुकीत शवपेटीभोवती उभ्या असलेल्या कुटुंबाचा एखादा फोटो सापडतोच. तो फोटो काढण्यात त्या काळी कोणाला काही गैर वाटत नसे. पुष्कळदा मृताचा तोच एकमेव फोटो असे.

१९७८ साली ग्वानाहुआतो प्रांतातील दोलोरेस इदाल्गो या गावी इतुर्बिदे अशाच एका कुटुंबामागून, त्यांच्या संमतीने, दफनभूमीकडे निघाल्या होत्या. वाटेत त्यांना एका पुरुषाचे प्रेत पडलेले दिसले. अंगावर कपडे होते. चेहरा गिधाडांनी खाल्ला होता. वर आकाशात पक्षी भरले होते. त्यांनी त्या दृश्याची छायाचित्रे घेतली. परंतु या प्रसंगाचा अर्थ त्यांनी स्वतःपुरता असा लावला की, प्रत्यक्ष मृत्यूच आपल्याला 'आता पुरे' म्हणून सांगत आहे. त्यानंतर त्यांनी आन्खेलितोंचा पाठलाग सोडून दिला.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाची घटना मला हीच वाटते. एखादा विषय हाताला लागला आहे, त्यात सामर्थ्य आहे, लोक आडवे येत नाहीत. तरीही तो विषय सोडायचा, हे सोपे नाही. आपण दुसऱ्यांच्या मुलांत आपले मूल शोधीत आहोत, त्या कुटुंबांचे दुःख आपल्या दुःखाचे औषध म्हणून वापरीत आहोत, अशी काही जाणीव त्यांना झाली असावी, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. चित्रांत मात्र त्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. मृत बालके गेली आणि पक्षी उरले. १९८५ सालचे, नायारित येथील 'पक्ष्यांचा स्वामी' हे चित्र, किंवा १९९१ सालचे, दोन पक्षी स्वतःच्या डोळ्यांपुढे धरून काढलेले 'उडण्यासाठी डोळे' हे आत्मचित्र पाहताना दफनभूमीवरचे ते आकाश आठवल्यावाचून राहत नाही. वर्ज्य केलेली वस्तू कलेत अशी निराळ्या रूपाने परत येते. सेमिनरीत आम्हांला संयमाची महती शिकविली जात असे. संयमाने सर्जन आटत नाही, ते आपली वाट बदलते, हे मात्र मला पुष्कळ उशिरा आणि कलावंतांकडून कळले.

यानंतरचा टप्पा सोनोराच्या वाळवंटाचा. मेक्सिकोतील आदिवासींसाठी असलेल्या शासकीय संस्थेने त्यांच्याकडे सेरी जमातीच्या चित्रणाचे काम सोपविले होते. त्यातून १९८१ साली 'वाळूत राहणारे' या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ झाला. त्यातील १९७९ सालचे 'देवदूत स्त्री' हे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. पाठमोरी एक सेरी स्त्री खडकांवरून खाली, अफाट सपाटीकडे निघाली आहे. मोकळे काळे केस, पायघोळ घागरा, किंचित पसरलेले हात. पाहणाऱ्याला ती आता उडेल असे वाटते. मग नजर तिच्या उजव्या हाताकडे जाते. त्या हातात टेपरेकॉर्डर आहे!

या टेपरेकॉर्डरमुळे चित्र वाचले, असे मी म्हणेन. आदिवासी म्हटले की काळाच्या बाहेरचा, निष्पाप, निसर्गपुत्र अशी एक प्रतिमा शहरी मनात तयार असते, आणि छायाचित्रकार नकळत ती पुरवीत जातो. इतुर्बिदे यांना टेपरेकॉर्डर टाळता आला असता. त्यांनी तो राहू दिला. अमेरिकनांना हस्तकलेच्या वस्तू देऊन सेरी लोक अशी यंत्रे मिळवीत. ती स्त्री संगीत ऐकत आपल्या कामाला निघालेली आहे. ती पुराणातील नसून आपल्याच काळातील आहे. तिला देवदूत म्हणणारे शीर्षक आणि तिच्या हातातील यंत्र यांच्यात जो ताण आहे, तोच त्या चित्राचा प्राण आहे.

१९७९ सालीच झापोतेक वंशाचे थोर चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो यांनी त्यांना ओआहाका प्रांतातील हुचितान या आपल्या गावच्या मुलखात येण्याचे निमंत्रण दिले. या गावात बाजारावर स्त्रियांची सत्ता आहे. विकणे, घेणे, भाव ठरविणे, पैसा सांभाळणे ही कामे त्याच करतात. गावाचा आश्रयदाता संत व्हिन्सेंट फेरर. मे महिन्यात मोठे सण, नाच आणि मिरवणुका. इतुर्बिदे त्या स्त्रियांच्या घरी राहिल्या, त्यांच्याबरोबर बाजारात बसल्या, परत शहरात गेल्या आणि पुन्हा आल्या. असे सुमारे दहा वर्षे चालले. १९८९ साली एलेना पोनियातोव्स्का या विख्यात लेखिकेच्या मजकुरासह 'हुचितान दे लास मुखेरेस', म्हणजे 'स्त्रियांचे हुचितान', हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका गावासाठी दहा वर्षे, हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच मुक्कामात 'नुएस्त्रा सेन्योरा दे लास इग्वानास' हे चित्र घडले. इग्वाना हा आपल्या घोरपडीची आठवण करून देणारा मोठा सरडा. तिकडे तो खाल्ला जातो. एक विक्रेती जिवंत इग्वाना डोक्यावर ठेवून बाजारात आली. इतुर्बिदे यांनी तिला थोडे थांबण्याची विनंती केली आणि दहा-बारा चित्रे घेतली. मूळ फिल्मवरील बाकीची चित्रे आज प्रसिद्ध आहेत. त्यांत ती बाई हसते आहे, सरडे घसरत आहेत, सगळा प्रकार गमतीचा आहे. एकाच चित्रात सरड्यांच्या माना उंचावल्या, बाईची नजर स्थिर झाली, आणि डोक्यावरचे ते ओझे मुकुटासारखे भासू लागले. कॅमेरा खालून वर पाहतो आहे. आपण वेदीवरील मूर्तीकडे पाहतो तसा.

हे शीर्षक प्रथम वाचले तेव्हा मी बिचकलो, हे कबूल केले पाहिजे. 'आमची माता' हे पवित्र मरियेचे बिरुद सरडे विकणाऱ्या बाईला? यात उपहास आहे काय? परंतु थोडा विचार करता ध्यानात आले की, मरियेला नावे देण्याची आपली सर्वसामान्य रीत हीच आहे. वसईत आपण रमेदीच्या मातेला हाक मारतो, वांद्र्याला तिला मोत माउली म्हणतो. टेकडी, गाव, उपाय, समुद्र : जेथे माणसे राहतात आणि ज्याची त्यांना गरज असते, त्यावरून मातेचे नाव पडते. मेक्सिकोत तर ग्वादालुपेची माता तेथल्या मूळ रहिवाशांच्या वर्णाची, त्यांच्यातली एक होऊन आली, अशी १५३१ सालापासूनची श्रद्धा आहे. बाजारात उभी राहणारी, ओझे वाहणारी, घर चालविणारी स्त्री ज्या लोकांच्या जीवनाच्या केंद्रस्थानी आहे, त्या लोकांच्या मातेच्या डोक्यावर त्यांच्या बाजारातला माल असला, तर त्यात उपहास कसला? नाझरेथच्या मरियेनेही पाणी भरले असेल, धान्य दळले असेल. आपल्या वेदीवरील मूर्तींतून आपण ते पुसून टाकले आहे. इतुर्बिदे यांच्या चित्राने मला त्याची आठवण करून दिली.

मात्र या चित्राची खरी कसोटी माझ्यासारख्या दूरच्या वाचकाच्या मनात लागत नाही. ती हुचितानमध्ये लागली. तेथल्या लोकांनी त्या चित्राला 'हुचितानची मेदूसा' असे आपले नाव दिले. त्याचे पोस्टर घरांच्या भिंतींवर लागले. पुढे गावात त्या प्रतिमेवरून पुतळाही उभारला गेला. मेदूसा ही केसांच्या जागी साप असलेली ग्रीक पुराणकथेतील स्त्री. शहराने दिलेले मातेचे नाव बाजूला ठेवून गावाने थट्टेचे नाव दिले आणि मग त्याच थट्टेचा पुतळा केला, यात मला फार मोठा स्वीकार दिसतो. ज्यांच्याकडून घेतले त्यांनी ते आपले म्हणून परत घरात नेले. समाजातून घेतलेल्या प्रेरणेची परतफेड याहून चांगली कशी होणार?

एवढे म्हटल्यावर उणे बाजूही मांडली पाहिजे. पहिली गोष्ट नावांची. त्या विक्रेतीचा चेहरा जगाने पाहिला. परंतु चित्राखाली तिला बिरुद मिळाले, नाव मिळाले नाही. 'देवदूत स्त्री'चेही तेच. काव्यमय शीर्षक ही मेक्सिकन छायाचित्रकलेची परंपरा आहे, हे खरे. तरीही ज्या कलावंताने सहवासासाठी दहा वर्षे दिली, तिला ओळीभर जागा नावासाठीही देता आली असती.

दुसरी गोष्ट हुचितानच्या गौरवाची. या चित्रांमुळे ते गाव स्त्रीराज्य म्हणून जगभर गाजले. मानववंशशास्त्रज्ञांनी या समजुतीविषयी शंका घेतल्या आहेत, आणि त्या रास्त आहेत. बाजार स्त्रियांच्या हाती असला म्हणजे सारी सत्ता त्यांच्या हाती असते असे नाही. १९८१ साली याच गावाने डाव्या आघाडीला नगरपालिकेत निवडून दिले होते आणि १९८३ साली ती सत्ता हिरावून घेतली गेली. त्या संघर्षाचा काळ आणि या चित्रांचा काळ एकच. पण आपल्या स्मरणात राहतात ती चित्रे सणांची, फुलांची आणि भारदस्त स्त्रियांची. प्रेमाने पाहणाऱ्या डोळ्याला ही एक मर्यादा पडतेच. आवडत्या माणसाचे भांडण आपण चित्रात घेत नाही.

तिसरी गोष्ट 'पित्याच्या नावाने' या १९९३ सालच्या मालिकेची. ओआहाकाच्या मिश्तेका भागात दरवर्षी होणाऱ्या शेळ्यांच्या कत्तलीची ही चित्रे. ही प्रथा स्पॅनिश राजवटीपासूनची. चित्रे समर्थ आहेत. रक्त, सुरे आणि दमलेली माणसे पाहणाऱ्याची पाठ सोडीत नाहीत. माझा आक्षेप शीर्षकाला आहे. 'पित्याच्या नावाने' म्हणताच आब्राहाम आठवतो, यज्ञ आठवतो. बलिदानात माणूस आपले, जिवाभावाचे, देऊन टाकतो. येथे कळप व्यापाऱ्याचे आहेत आणि सुरी चालविणारे हात मजुरांचे. त्या मजुरांच्या घामावर शीर्षकाने बायबलची छाया पाडली आहे. इग्वानांच्या मातेच्या वेळी धर्माची भाषा लोकांच्या जगण्यातून वर आली होती. येथे ती वरून ठेवल्यासारखी वाटते. दोन्ही ठिकाणी कलावंत एकच, डोळा एकच. फरक पडला तो सहवासाच्या खोलीमुळे, असे मला वाटते.

पुढे इतुर्बिदे यांच्या चित्रांतून माणसे कमी होत गेली. १९९८ साली त्यांनी राजस्थानात घेतलेल्या 'हरवलेली कुत्री' या चित्रात आकाशाच्या पार्श्वभूमीवर नुसत्या कुत्र्यांच्या काळ्या आकृती आहेत. फ्रीडा काहलो या चित्रकर्तीच्या घरातील अनेक वर्षे बंद असलेल्या स्नानगृहात त्यांनी चित्रे घेतली, तीही तिच्या कुबड्यांची आणि कमरपट्ट्यांची. काही समीक्षकांना हा उतार वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. परक्या देशात आठ-पंधरा दिवसांत कोणाच्या घरी राहून दहा वर्षांचा सहवास उभा करता येत नाही. मग तेथील माणसांचे चेहरे उचलून नेण्यापेक्षा आकाश आणि कुत्री बरी.

हे सर्व आपल्याला कशासाठी? आज धर्मग्रामात कोणताही सण असो, मिस्सा संपता संपता मंडपात दहा-वीस कॅमेरे आणि शेकडो मोबाइल उगारले जातात. लाल लुगडे नेसलेल्या म्हाताऱ्या बायका हा त्यांचा आवडता विषय. तरुणांना आपल्या संस्कृतीचे प्रेम आहे आणि त्यांतील काहींना या कलेतच आयुष्य घडवायचे आहे, याचा मला आनंद आहे. पण एकदा एका आजीने मला विचारलेला प्रश्न मी विसरलेलो नाही : "फादर, माझा फोटो नेहमी काढतात. तो जातो कुठे?" मजजवळ उत्तर नव्हते. तिचा चेहरा कोठल्यातरी प्रदर्शनात 'आपली संस्कृती' या मथळ्याखाली लागला असेल. तिच्या घरच्या भिंतीवर मात्र तो नव्हता.

आपल्या तरुण छायाचित्रकारांनी इतुर्बिदे यांची काळी-पांढरी शैली उचलावी, असे मी सुचविणार नाही. शैली उचलणे सोपे असते. त्यांनी 'वेळ आहे' ही पाटी उचलावी. एक आळी निवडावी, तेथे पाच वर्षे जावे. लग्नाला जावे तसे भातलावणीला आणि आजारपणातही जावे. एखादे दार कॅमेऱ्यासाठी नाही हे उमजले, तर कॅमेरा पिशवीत ठेवून आत बसावे. हे माझ्यालाही लागू आहे. मरणाच्या घरात शब्द घेऊन जाणारा धर्मगुरू कधीकधी शब्द पिशवीत ठेवायला विसरतो.

आणि एक छोटी गोष्ट, जी या वर्षीच करता येईल. धर्मग्रामाच्या सणाची स्मरणिका निघेल, तेव्हा तीत छापलेल्या प्रत्येक चेहऱ्याखाली त्या माणसाचे पूर्ण नाव असावे, आणि पहिली प्रत त्याच्या घरी पोहोचवावी. त्या आजीपासून सुरुवात करू.